गर्भारपण आणि रोगप्रतिकारशक्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गरोदरपणात बाईची प्रतिकारशक्ती मंदावते आणि म्हणूनच बाळ पोटात टिकतं, असं आपल्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. खालच्या उत्तरांचा रोख जवळजवळ उलटा आहे. माणसाबरोबर गाय, घोडी, उंदीर यांचेही दाखले घेतले आहेत, कारण या विषयातलं बरंचसं ज्ञान आधी गोठ्यात आणि प्रयोगशाळेतल्या उंदरांत मिळालं.

बाळात निम्मा वाटा बापाचा. मग आईचं शरीर त्याला परकं समजून बाहेर का टाकत नाही?

सख्ख्या भावाची किडनी बसवली तरी ती नाकारली जाऊ नये म्हणून सहसा जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात. इथे मात्र बापाकडून आलेली निम्मी गुणसूत्रं घेऊन एक जीव नऊ महिने निवांत वाढतो. पीटर मेदावर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये हे कोडं नीट मांडलं आणि तीन शक्यता सुचवल्या. आई आणि गर्भ यांच्यामध्ये भिंत असेल, गर्भाच्या पेशींवरच्या ओळखखुणा कच्च्या असतील, किंवा आईची प्रतिकारयंत्रणा त्या काळात सुस्त होत असेल.

तिन्ही शक्यता जशाच्या तशा टिकल्या नाहीत. भिंत पाझरते, कारण आईच्या रक्तात बाळाच्या पेशी सापडतात. गर्भाच्या ओळखखुणा बऱ्याच लवकर तयार होतात. आणि आईची यंत्रणा सुस्त नसते. बाळाच्या पेशींविरुद्ध ती प्रतिपिंडं (अँटीबॉडी) बनवू शकते, हे पुढे आरएचच्या, म्हणजे रक्तगटातल्या पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या, उत्तरात येईलच.

निम्म्या वाट्याचं सोडा, दुसऱ्या बाईचं बीजांड घेऊन केलेल्या आयव्हीएफमध्ये बाळ शंभर टक्के परकं असतं, तरीही ते वाढतं. गीर गाईचा गर्भ संकरित गाईच्या पोटात वाढवतात, तेव्हाही तसंच. मात्र परक्या बीजांडाच्या गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका जास्त दिसतो. म्हणजे शरीराला फरक कळतो, फक्त त्यावर हल्ल्याने उत्तर दिलं जात नाही.

मग आईच्या पेशी नेमक्या कशाला सामोऱ्या जातात?

बाळाला नव्हे, वारेला. आईच्या रक्ताला आणि गर्भाशयाच्या अस्तराला भिडतात त्या वारेच्या बाहेरच्या पेशी. त्यांना ट्रोफोब्लास्ट म्हणतात. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीवर एचएलए नावाच्या खुणा असतात. अवयव जुळतो की नाही ते तपासताना याच खुणा बघतात. नाकारण्याचं मुख्य कारण ठरणाऱ्या एचएलए-ए आणि एचएलए-बी या दोन खुणा ट्रोफोब्लास्ट दाखवतच नाही. जो थर थेट आईच्या रक्तात न्हाऊन निघतो, त्यावर तर या जातीची एकही खूण नसते.

पण जी पेशी कुठलीच खूण दाखवत नाही, तिला मारायला शरीरात एनके (‘नॅचरल किलर’) पेशींची वेगळी तुकडी असते. म्हणून अस्तरात खोल शिरणाऱ्या ट्रोफोब्लास्ट पेशी एचएलए-सी, एचएलए-ई आणि एचएलए-जी अशा तीन मोजक्या खुणा बाहेर काढतात. यातली एचएलए-जी ही खूण निरोगी शरीरात वार सोडून फारशी कुठे दिसत नाही.

गर्भाशयात ‘किलर’ पेशी असतात म्हणे. त्या बाळाला मारतात का?

नाही. गैरसमज त्यांच्या नावाने केला आहे. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरात जितक्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांतल्या सुमारे ७०% एनके जातीच्या असतात. गर्भ राहिला म्हणून त्या धावून येत नाहीत. दर महिन्याला पाळीच्या आधीच्या दिवसांत त्या वाढू लागतात आणि गर्भ राहिला तर टिकतात.

गर्भाशयात नागमोडी, अरुंद रक्तवाहिन्या असतात. त्यांच्या भिंतीत स्नायू असतो, त्यामुळे त्या आवळतात. वाढत्या बाळाला लागणारं रक्त त्यांतून पुरेसं येणार नाही. एनके पेशी वाढीला मदत करणारी द्रव्यं सोडतात आणि ट्रोफोब्लास्टबरोबर या भिंती सैल करतात. नळाची तोटी काढून तिथे पाट खणावा, तसा हा प्रकार आहे. ज्या उंदरांमध्ये एनके पेशी नसतात, त्यांच्यात या वाहिन्या नीट रुंद होत नाहीत.

थोडक्यात, पेशी लढाऊ आहेत, पण इथे त्यांच्याकडे बांधकाम दिलेलं आहे.

याचा आणि गरोदरपणातल्या बीपीचा काय संबंध?

जवळचा संबंध आहे. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० च्या वर जाणं आणि लघवीतून प्रथिनं जाणं, किंवा यकृत, मूत्रपिंड, प्लेटलेट यांना त्रास होणं, याला प्रिएक्लॅम्प्सिया म्हणतात. जगभरात साधारण २ ते ८% गरोदरपणांत तो होतो. लवकर सुरू होणाऱ्या प्रकारात अनेकदा मूळ दोष पहिल्या काही महिन्यांतला असतो: त्या नागमोडी वाहिन्या पुरेशा रुंद झालेल्या नसतात. वारेला रक्त कमी पडतं आणि ती आईच्या रक्तात असे पदार्थ सोडते की अंगभरच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं.

केंब्रिजच्या ॲशली मॉफेट यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं की आईच्या एनके पेशींवरचे ग्राहक (खुणा ओळखणारे रिसेप्टर) एका ठरावीक जातीचे असतील आणि बाळाची एचएलए-सी खूण दुसऱ्या ठरावीक जातीची असेल, तर हा धोका वाढतो. या जोडीत एनके पेशींना जरुरीपेक्षा जास्त आवर बसतो. त्या फार चिडल्यामुळे नव्हे, पुरेशा कामाला न लागल्यामुळे बिघाड होतो. हे ध्यानात ठेवा, पुढे एका महागड्या इंजेक्शनच्या संदर्भात लागेल.

जोखीम आधी ओळखली तर ॲस्पिरिनचा उपयोग होतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, जोखमीच्या बायकांना अकराव्या ते चौदाव्या आठवड्यापासून रोज १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिल्यावर ३७ आठवड्यांआधी होणारा प्रिएक्लॅम्प्सिया ४.३% वरून १.६% वर आला. हे आपल्या मनाने सुरू करायचं औषध नाही. पण पहिल्या बाळंतपणात बीपी वाढलं असेल तर दुसऱ्या वेळी पहिल्याच भेटीत डॉक्टरांना आठवणीने सांगावं. पाचव्या महिन्यात सांगून फार उपयोग नसतो.

पहिल्या खेपेलाच हा त्रास जास्त का होतो?

त्यामागे ओळखीचा भाग असावा असं मानतात. नियामक टी पेशी नावाची एक जात प्रतिकारयंत्रणेला लगाम घालते. जपानच्या शिमोन साकागुची यांनी त्या १९९५ मध्ये दाखवल्या, आणि २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना मेरी ब्रंकोव आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह याच कामासाठी मिळालं. उंदरिणीच्या अंगातून या पेशी काढून टाकल्या तर वेगळ्या जातीच्या नराची पिल्लं टिकत नाहीत. तिच्याच जातीच्या नराची टिकतात. बापाच्या खुणा ओळखणाऱ्या नियामक पेशी बाळंतपणानंतरही उंदरिणीत राहतात आणि पुढच्या खेपेला झपाट्याने वाढतात, हेही २०१२ मध्ये दिसून आलं.

ही ओळख गर्भ राहण्याआधीच सुरू होत असावी. वीर्यात शुक्राणूंबरोबर अशी द्रव्यं असतात की ती गर्भाशयमुखाजवळ थोडी सूज आणतात आणि नंतर नियामक पेशी वाढवतात. फार थोड्या सहवासानंतर राहिलेल्या गर्भात प्रिएक्लॅम्प्सिया जरा जास्त आढळतो, असं काही पाहण्यांत दिसलं आहे. लग्न झाल्यावर लगेच ‘गोड बातमी’ मागणाऱ्या नातेवाइकांना हे सांगून बघायला हरकत नाही.

वार विषाणूमुळे तयार झाली, हे खरं आहे का?

पूर्ण वार नाही, पण तिचा एक महत्त्वाचा भाग. आईच्या रक्ताला लागून असलेला थर म्हणजे अनेक पेशी एकमेकींत विरघळून झालेली सलग चादर असते. मधे फटी नाहीत, त्यामुळे पांढऱ्या पेशींना घुसायला वाट नाही. पेशी जोडण्याचं हे काम सिन्सिटिन नावाचं प्रथिन करतं, आणि त्याचं जनुक आपल्या पूर्वजांच्या गुणसूत्रांत कोट्यवधी वर्षांपूर्वी घुसलेल्या एका रेट्रोव्हायरसचं आहे. उंदीर, गाई-गुरं, मांसाहारी प्राणी यांनी वेगवेगळ्या विषाणूंकडून अशी जनुकं स्वतंत्रपणे उचलली.

याच सिन्सिटिनवरून कोविडच्या काळात अफवा उठली होती की लशीमुळे तयार होणारी प्रतिपिंडं वारेवर हल्ला करतात आणि बाई वांझ होते. दोन्ही प्रथिनांत तसं साम्य नाही, आणि लस घेतलेल्या लाखो बायकांना मुलं झाली.

माझा रक्तगट निगेटिव्ह आहे, नवऱ्याचा पॉझिटिव्ह. घाबरायचं का?

घाबरायचं नाही, पण तारखा पाळायच्या. भारतात सुमारे ५% लोक आरएच निगेटिव्ह असतात, युरोपात सुमारे १५%.

बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणाच्या वेळी त्याचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईने ती लाल पेशी कधी पाहिलेली नसते, म्हणून ती तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवते. पहिलं बाळ तोवर बाहेर आलेलं असतं, त्याला सहसा काही होत नाही. शिवाय सुरुवातीची प्रतिपिंडं आयजीएम जातीची असतात आणि ती वार ओलांडत नाहीत. दुसऱ्या पॉझिटिव्ह बाळाच्या वेळी मात्र आठवण ताजी होते, आयजीजी तयार होतं, ते वारेतून पलीकडे जातं आणि बाळाच्या लाल पेशी फोडतं. कावीळ, रक्तक्षय, अंगभर सूज, कधी पोटातच मृत्यू. काही घरांत पहिलं मूल धडधाकट आणि पुढची एकामागून एक दगावलेली असायची, त्यातली काही दुःखं याच कारणाची होती.

यावरचं अँटी-डी इंजेक्शन १९६८ च्या सुमारास वापरात आलं. न्यूयॉर्क आणि लिव्हरपूल इथल्या दोन गटांनी ते वेगवेगळं शोधलं. लिव्हरपूलचे सिरिल क्लार्क हे फुलपाखरं पैदा करण्याच्या छंदातून आनुवंशिकीकडे वळलेले डॉक्टर होते. त्यांची युक्ती अशी: आईला अँटी-डी, म्हणजे याच लाल पेशींविरुद्धची तयार प्रतिपिंडं टोचायची, म्हणजे बाळाच्या लाल पेशी तिच्या यंत्रणेच्या नजरेस पडण्याआधीच निकालात निघतात. उपायाआधी जोखमीच्या दर सहा-सात बायकांत एकीच्या अंगात अशी प्रतिपिंडं तयार व्हायची. बाळंतपणानंतर इंजेक्शन दिल्याने हे प्रमाण २% च्या खाली आलं, आणि २८ व्या आठवड्यातलं इंजेक्शन जोडल्यावर हजारात एक-दोनवर.

आता व्यवहाराचं. पहिल्या भेटीत रक्तगट आणि आयसीटी, म्हणजे आईच्या रक्तात ही प्रतिपिंडं आहेत का ते पाहणारी इनडायरेक्ट कूम्ब्ज चाचणी. ती निगेटिव्ह असेल तर २८ व्या आठवड्यात एक इंजेक्शन. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत दुसरं. लोक विसरतात ते इतर प्रसंग: गर्भपात, अस्थानी गर्भ, पोटाला मार लागणं, गर्भाभोवतीचं पाणी काढून केलेली तपासणी. अशा वेळी इंजेक्शन लागेल का, हे तिथल्या तिथे विचारा. आयसीटी आधीच पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डीचा उपयोग संपलेला असतो. मग बाळावर सोनोग्राफीने लक्ष ठेवतात आणि गरज पडली तर पोटातच रक्त देतात.

हे औषध अजूनही दात्यांच्या रक्तातूनच बनतं. ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन यांनी त्यासाठी ११७३ वेळा रक्तद्रव दिला. २०२५ मध्ये ते गेले.

मग लग्न जमवताना रक्तगट जुळवावा का?

नाही. अँटी-डी मिळत असताना आरएचवरून स्थळ नाकारण्यात अर्थ नाही. ‘दोघांचा गट एकच असला तर मूल होत नाही’ हे तर साफ खोटं आहे. रक्त तपासायचंच असेल तर थॅलेसेमिया आणि सिकलसेलसाठी तपासा, विदर्भात आणि आदिवासी पट्ट्यात तर नक्कीच.

बॉम्बे रक्तगटाच्या बाईला गरोदरपणात काय काळजी?

हा गट डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत शोधला, त्यावरूनच नाव पडलं. ओ गटाच्या पेशीवर निदान ‘एच’ हा पाया असतो. बॉम्बे गटात तोही नसतो. त्यामुळे या लोकांना ओ गटाचं रक्तसुद्धा चालत नाही. नेहमीच्या झटपट तपासणीत हा गट ‘ओ’ म्हणूनच दिसतो. रुग्णाच्या रक्तद्रवाची ओ पेशींशी गाठ घातली की खरं कळतं. बाळाला आईच्या अँटी-एचमुळे त्रास होणं दुर्मीळ आहे. खरी चिंता बाळंतपणात रक्तस्राव झाला तर काय, ही. म्हणून दाता आधीच शोधून ठेवायचा, आणि भावंडांपासून सुरुवात करायची.

गरोदरपणात प्रतिकारशक्ती कमी होते, हे निदान अर्धं तरी खरं आहे ना?

‘कमी’ म्हणण्यापेक्षा ‘बदललेली’ म्हणणं जास्त बरोबर. गर्भ रुजताना गर्भाशयात चक्क सूज असते. मधल्या महिन्यांत वातावरण शांत ठेवलं जातं. कळा सुरू होताना पुन्हा पांढऱ्या पेशी गर्भाशयमुखात भरतात आणि सूज आणणारी द्रव्यं वाढतात. जंतुसंसर्गाने ही शेवटची पायरी वेळेआधी पेटली, तर दिवस पूर्ण होण्याआधी बाळंतपण होतं.

काही आजार गरोदर बाईला जास्त झोडपतात हे मात्र खरं. इन्फ्लुएन्झा, कांजिण्या, मलेरिया ही नावं पुस्तकात सापडतील. आपल्याकडे सगळ्यात लक्षात ठेवायचा आजार म्हणजे दूषित पाण्यातून होणारी हेपॅटायटिस ई ही कावीळ. इतरांची ती बहुधा आपोआप बरी होते. शेवटच्या तीन महिन्यांतल्या बाईत मृत्यूचं प्रमाण २० ते २५% पर्यंत जाऊ शकतं. पावसाळ्यात गावात कावीळ सुरू झाली की गरोदर बाईचं पाणी उकळून घ्या, आणि डोळे पिवळे दिसले तर झाडपाल्यात दिवस घालवू नका. मलेरियाची गोष्ट वेगळी: त्याचा परजीवी लाल पेशीवर असं प्रथिन आणतो की ती पेशी थेट वारेला चिकटते. बाईने आयुष्यभर मलेरिया सोसून कमावलेली प्रतिकारशक्ती या नव्या रूपापुढे अपुरी पडते, म्हणून पहिल्या खेपेला फटका मोठा बसतो.

संधिवात गरोदरपणात बरा होतो, मग ल्युपस का बिघडतो?

फिलिप हेंच या अमेरिकन डॉक्टरांनी १९३८ मध्ये नोंदवलं होतं की ऱ्ह्युमॅटॉइड संधिवाताच्या बायकांना गरोदरपणात आराम पडतो. त्याच धाग्याने ते कॉर्टिसोन या सूज उतरवणाऱ्या औषधापर्यंत पोहोचले आणि १९५० मध्ये नोबेलचे एक मानकरी ठरले. बाळंतपणानंतर काही महिन्यांत दुखणं बहुधा परततं. मल्टिपल स्क्लेरोसिसचंही असंच. या आजारांत टी पेशींचा दंगा मोठा असतो आणि तोच गरोदरपणात आवरला जातो. ल्युपस या, शरीर स्वतःवरच हल्ला करतं अशा आजारात प्रतिपिंडांचा वाटा मोठा, आणि ती यंत्रणा चालूच राहते. साधारण सहा महिने आजार शांत असताना दिवस राहावेत, आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ल्युपसचं नेहमीचं औषध घाबरून बंद करू नये, एवढं बहुतेक संधिवाततज्ज्ञ सांगतात.

ल्युपससारख्या आजारांत दिसणारी अँटी-आरओ प्रतिपिंडं असलेल्या आईच्या बाळाचे ठोके साधारण १ ते २% वेळा मंद पडतात, म्हणून त्या बाळांच्या हृदयावर सोळाव्या आठवड्यापासून लक्ष ठेवतात.

वारंवार गर्भपात होतात. एनके तपासणी, नवऱ्याच्या पेशींची ‘लस’, इंट्रालिपिड सुचवलं आहे. करावं का?

या उत्तरात आडपडदा ठेवत नाही. यातल्या बहुतेक गोष्टींना भक्कम पुरावा नाही आणि बिल मात्र भक्कम असतं.

दंडातून काढलेल्या रक्तातल्या एनके पेशी मोजून गर्भाशयातल्या एनके पेशींबद्दल फारसं कळत नाही. दोघी नावाने बहिणी, पण स्वभाव आणि काम वेगळं. वरचं प्रिएक्लॅम्प्सियाचं उत्तर आठवा: एनके पेशी कामाला न लागणं हा तिथे दोष होता. मग त्यांना सरसकट दाबायचं कशासाठी?

नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी बायकोला टोचण्याचा उपचार १९८० च्या दशकापासून चालत आला. तो मेदावरच्या जुन्या कोड्याच्या चुकीच्या वाचनावर उभा होता: आईने बापाच्या पेशींविरुद्ध ‘रोखणारी’ प्रतिपिंडं बनवायला हवीत, ती बनत नाहीत म्हणून गर्भ पडतो. कॅरोल ओबर यांच्या १९९९ मधल्या चाचणीत उपचार घेतलेल्यांत ३६% जणींना यश आलं, आणि नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांत ४८% जणींना. २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने चाचणीबाहेर हा उपचार थांबवायला सांगितलं. तरी तो अजून दिला जातो. इंट्रालिपिड म्हणजे सोयाबीन तेलाचं सलाईन. त्याच्या बाजूनेही पटेल असा पुरावा नाही. रुजण्याआधी अस्तर खरवडण्याचा प्रकारही २०१९ च्या मोठ्या चाचणीत निष्फळ ठरला.

मग प्रतिकारयंत्रणेशी संबंधित खरं कारण कुठलंच नाही? आहे, अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम: यात शरीर स्वतःविरुद्धच प्रतिपिंडं बनवतं आणि रक्ताच्या गुठळ्या होतात. त्यासाठी तीन रक्तचाचण्या असतात आणि त्यांतली निदान एक १२ आठवड्यांच्या अंतराने दोनदा पॉझिटिव्ह यावी लागते. एकदाच आलेल्या रिपोर्टवर शिक्का मारायचा नाही. निदान पक्कं असेल तर ॲस्पिरिन आणि हेपरिन या गुठळ्या रोखणाऱ्या औषधांनी मूल हाती लागण्याची शक्यता खूप सुधारते. पहिल्या तीन महिन्यांतले निम्म्याच्या आसपास गर्भपात गुणसूत्रांच्या चुकीने होतात, त्यात कोणाच्याही प्रतिकारशक्तीचा दोष नसतो. सासूने विचारलं तर हेच सांगायचं.

मामेबहिणीशी लग्न झालं तर खुणा सारख्या असल्याने गर्भ पडतो का?

अमेरिकेतल्या हटराइट या छोट्या, आपापसांत लग्न करणाऱ्या समाजात एचएलए जुळणाऱ्या जोडप्यांत गर्भपात थोडे जास्त दिसले होते. त्यावरून सरसकट नियम निघत नाही. अशा लग्नांत खरी काळजी आनुवंशिक आजारांची असते, त्यासाठी समुपदेशकाला भेटावं.

गाय व्याली, पण वार पडत नाही. याचा प्रतिकारशक्तीशी संबंध असतो?

असतो, आणि हा या पानावरचा सगळ्यात मजेदार भाग आहे. गाईची वार गर्भाशयाला सत्तर ते सव्वाशे बटणांसारख्या गाठींनी चिकटलेली असते. दिवस भरत आले की वारेच्या पेशी तोवर लपवलेल्या परकेपणाच्या खुणा दाखवू लागतात. गाईच्या पांढऱ्या पेशी त्या ओळखून हल्ला करतात आणि गाठी सुटतात. म्हणजे नऊ महिने टाळलेलं भांडण शेवटच्या दिवशी मुद्दाम करायचं असतं. वासराच्या खुणा गाईशी जुळत असतील, तर हे भांडण नीट होत नाही आणि वार अडकण्याचं प्रमाण वाढतं. व्यायच्या वेळी ज्या गाईच्या पांढऱ्या पेशी अशक्त असतात, तिचीही वार अडकते. सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाच्या कमतरतेने तसं होऊ शकतं.

साधारण बारा तासांत वार पडायला हवी. लोंबणाऱ्या वारेला वीट बांधणं आणि हात घालून ओढणं या दोन्ही गोष्टी गर्भाशय फाडतात किंवा जंतू आत नेतात. ताप आला, चारा सोडला, घाण वास यायला लागला की पशुवैद्यकाला बोलवा.

आणखी एक घातक समजूत: वार पडेपर्यंत वासराला चीक पाजायचा नाही. बाईच्या पोटातल्या बाळाला आईचं आयजीजी वारेतूनच मिळतं, शेवटच्या तीन महिन्यांत सर्वात जास्त. गाय, म्हैस, शेळी, घोडी यांच्या वारेतून ते जातच नाही. वासरू जन्मतः प्रतिपिंडांच्या बाबतीत कोरं असतं, आणि त्याचं सगळं भांडवल चिकात असतं. आतडं ही मोठी प्रथिनं अख्खी शोषतं ते पहिले काही तास. चोवीस तासांत दार बंद. २५ किलोच्या वासराला पहिल्या दिवशी अडीच लिटर चीक लागतो, त्यातला बराचसा पहिल्या दोन तासांत. खरवस त्यानंतर.

गाईला जुळं झालं, एक गोऱ्हा आणि एक कालवड. कालवड वांझ निघते म्हणतात, ते का?

नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा निघते. दोन्ही वारांच्या रक्तवाहिन्या जुळतात, आणि गोऱ्ह्याची संप्रेरकं कालवडीच्या जननेंद्रियांची वाढ बिघडवतात. रे ओवेन यांना १९४५ मध्ये अशा जुळ्यांच्या रक्तात एकमेकांच्या पेशी आयुष्यभर नांदताना दिसल्या. गर्भावस्थेत ओळख झाली तर परकंही आपलं होतं, ही कल्पना त्यातून पुढे आली. मेदावर यांनी अशाच गुरांवर कातडीचे तुकडे बदलून पाहिले, मग उंदरांवर प्रयोग केले, आणि १९६० चं नोबेल मॅकफार्लेन बर्नेट यांच्यासह मिळवलं.

सगळ्या सस्तन प्राण्यांत हे असंच चालतं का?

नाही. घोडीच्या गरोदरपणात ३६ व्या दिवसाच्या सुमारास वारेच्या काही पेशी गर्भाशयात घुसतात आणि बापाच्या खुणा लपवत नाहीत. घोडी त्यांच्याविरुद्ध भरपूर प्रतिपिंडं बनवते, पांढऱ्या पेशी वेढा घालतात आणि १२० व्या दिवसाच्या आसपास त्या पेशी संपतात. शिंगरू मात्र सुखरूप वाढत राहतं. ओपोसम या पिशवीवाल्या प्राण्यात वार चिकटली की सूज येते आणि ती थेट बाळंतपणातच संपते. करड्या ओपोसमचं गरोदरपण अवघं दोन आठवड्यांचं. आपल्या पूर्वजांनी हीच सूज रुजण्यापुरती ठेवली आणि मधले महिने तिच्यातून वगळले, असा एक पटण्यासारखा तर्क आहे.

बाळाच्या पेशी खरंच आईच्या अंगात राहतात?

हो. गेऑर्ग श्मोर्ल यांना १८९३ मध्ये गरोदरपणात आकडी येऊन मेलेल्या बायकांच्या फुप्फुसांत वारेच्या पेशी दिसल्या होत्या. १९९६ मध्ये एका बाईच्या रक्तात मुलगा झाल्यावर २७ वर्षांनी त्याच्या पेशी सापडल्या. आईच्या पेशीही बाळात जातात. त्या पुढे उपयोगी पडतात की उपद्रव करतात, याची दोन्ही बाजूंची उदाहरणं आहेत, त्यामुळे यावरून भावूक पोस्ट लिहिण्याची घाई नको.

गरोदरपणात लस घेतली तर फायदा कोणाला?

दोघांना. सरकारी कार्यक्रमातली टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) इंजेक्शनं मुख्यतः नवजात बाळाला धनुर्वात होऊ नये म्हणून असतात. ‘आशा’ताई कार्डावर तारीख लिहून देतात ती याचसाठी. भारतातून आई आणि नवजाताचा धनुर्वात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हटल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. फ्लूची लसही घेता येते. गोवर-रुबेला आणि कांजिण्यांच्या जिवंत लशी मात्र गरोदरपणात नकोत. आईकडून आलेलं आयजीजी काही महिन्यांत ओसरतं. ते असेपर्यंत गोवराची लस नीट लागत नाही, म्हणून बाळाला ती नऊ महिने झाल्यावर देतात.

शुक्राणूंविरुद्धही प्रतिपिंडं बनतात का?

बनतात. शुक्राणू तयार होतात वयात आल्यावर, तोवर शरीराची ‘आपलं कोण’ ही यादी पक्की झालेली असते. म्हणून वृषणात त्यांना आडोसा असतो. नसबंदीनंतर निम्म्याहून अधिक पुरुषांत अशी प्रतिपिंडं सापडतात. त्याने तब्येतीला काही होत नाही. पण नस पुन्हा जोडून मूल हवं असेल तर कधी अडथळा येतो.

मग याचा वापर करून गर्भनिरोधक लस का नाही बनवत?

बनवली होती, आणि भारतात. डॉ. जी. पी. तलवार यांनी दिल्लीत एचसीजी या संप्रेरकाविरुद्ध लस तयार केली. गर्भ रुजायला लागताना एचसीजीच पाळी थोपवतं. ते निकामी केलं की गर्भ टिकत नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १४८ बायकांना ती दिली. ज्यांच्यात प्रतिपिंडं पुरेशी वाढली, त्यांच्या १२२४ पाळीचक्रांत एकच गर्भ राहिला, आणि प्रतिपिंडं उतरल्यावर मूल होण्याची क्षमता परतली. अडचण अशी की सुमारे वीस टक्के बायकांत ती पुरेशी वाढलीच नाहीत, आणि वाढली की नाही हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. रोजच्या वापराच्या साधनाला हे परवडत नाही. शिवाय बायकांच्या संघटनांनी संमती आणि गैरवापराबद्दल टोकदार प्रश्न विचारले, ते योग्यच होते.

प्राण्यांत हा मार्ग जास्त चालला. डुकरिणीच्या बीजांडाच्या आवरणापासून बनवलेली लस अमेरिकेतल्या आसाटीग बेटावरच्या रानघोड्यांना आणि दक्षिण आफ्रिकेतल्या हत्तिणींना बंदुकीच्या डार्टने दिली गेली आहे. प्रतिपिंडं बीजांडाभोवती बसतात आणि शुक्राणूला आत जाता येत नाही. जुन्नरच्या बिबट्यांसाठी असाच उपाय करण्याची चर्चा महाराष्ट्रात सुरू झाली आहे. घोडीच्या कळपात एकेक मादी ओळखून दरवर्षी डार्ट मारता येतो. उसात दडणाऱ्या मादी बिबट्याला दुसऱ्या डोससाठी कसं शोधायचं, ही तिथली खरी मेख आहे.